एवढी नीट बघितलेली जमीन

मागच्या उन्हाळ्यात वडिलांच्या शेताचं जुनं टिपण काढायला तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात गेले होते. वारसनोंद झाली होती, पण वरच्या अंगाच्या बांधाचा वाद आजोबांच्या वेळेपासूनचा. तो एकदा कागदावर बघून घ्यावा म्हणून. मे महिना. खोलीत पंखा फिरत होता, पण वारा लागत नव्हता. रुमालात बांधलेली दप्तरं छतापर्यंत रचलेली, आणि जुन्या कागदाचा तो आंबूस, कोरडा वास. माझ्या आधी ऐंशीच्या घरातले एक बाबा होते. धोतर, पांढरी टोपी, खिशात पिशवीत गुंडाळलेला आधारचा कागद. त्यांच्यासाठी काढलेलं प्रतिबुकाचं, म्हणजे जमिनीची प्रत (दर्जा) नोंदलेल्या जुन्या वहीचं, पान टेबलावर उघडं होतं. हातानं काढलेला शेताचा आकार, त्याचे पाडलेले चौकोन, प्रत्येक चौकोनात बारीक आकडे आणि आकड्यांना लागून टिंबं, फुल्या, तिरक्या रेघा. कारकून समजावून सांगत होता, ही मातीची खोली, ही तिची प्रत, आणि ह्या खुणा म्हणजे जमिनीतले दोष. बाबांनी चष्मा पुसला आणि खालच्या कोपऱ्यातल्या एका चौकोनावर बोट ठेवलं. "हितं चुनखड दावलीया का?" कारकुनानं खूण पाहून मान हलवली. "आजबी हाय," बाबा म्हणाले. "त्या टापूत ज्वारी कमरेच्या वर जात न्हाई." मग बराच वेळ ते त्या पानाकडे बघत राहिले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "किती बारकाईनं बघितलीया बघा, ताई. एवढी नीट बघितली जमीन, मग गेली कशी?"

त्यांच्या पणजोबांच्या हातून ती सावकाराकडे गेली होती. पुढच्या पिढ्यांनी तेच रान कूळ म्हणून कसलं, खंड भरला, आणि कूळकायद्यात १९५७ साली ते नावावर परत आलं. आता मुलांत वाटणी घालायची म्हणून ते नक्कल काढायला आले होते. नक्कल घेऊन ते गेले. मला तो प्रश्न काही सोडेना.

आमचं गाव पुणे जिल्ह्यातल्या जुन्या भीमथडी तालुक्यातलं. लहानपणी मातीच्या प्रती मला आजीकडून कळल्या, कागदावरून नाही. ती रानाला नंबरानं कधी ओळखायची नाही. चोपणाचा तुकडा, बरडावरचं, पांढरीकडचं, ओढ्याकाठची पट्टी अशी तिची नावं. चोपणात पाऊस पडला की पाणी वर तरंगत राहायचं, आणि वाळलं की चपलेखाली पापड मोडल्यासारखी माती वाजायची. बरडावर बाजरी, काळीत शाळू. कुठल्या तुकड्यात वाफसा कधी येईल, हे ती मूठभर माती दाबून सांगायची. पुढे वाचायला लागल्यावर कळलं, की इंग्रजांच्या पहिल्या मोजणीला नेमकं हेच ज्ञान कागदावर आणायचं होतं, आणि पहिल्या खेपेला ते पार फसलं.

पेशवाई १८१८ साली गेली. पुढच्या दहा-बारा वर्षांत प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं पुणे जिल्ह्याची मोजणी केली. त्याच्या डोक्यात विलायतेतलं खंडाचं, म्हणजे जमिनीच्या भाड्याचं, शास्त्र होतं. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं पीक किती, त्यातून बी, बैल, मजुरी वजा करून उरतं किती, आणि त्या उरलेल्याचे पंचावन्न टक्के सरकारचे. कागदावर हे न्यायाचं दिसतं. पण शेतकऱ्याला स्वतःच्या श्रमाचा खर्च विचारला तर तो काय सांगणार? आणि हाताखालच्या कारकुनांनी कुणाची प्रत कशी लावली, हे प्रिंगल तंबूत बसून कसं ताडणार? त्यात धान्याचे भाव घसरलेले. १८३० च्या सुमारास नवा सारा लागू झाला आणि इंदापुराकडे रानंच्या रानं ओस पडली. माणसं बैलं हाकत शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेली. घर, विहीर, देव, सगळं मागे टाकून कुणबी उठतो, तेव्हा त्याच्यावर काय गुदरलं असेल हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

मग आले गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट. १८३६ साली इंदापूर तालुक्यात त्यांनी जी पद्धत बसवली, तिच्यावर आजचे सर्व्हे नंबर, आकारबंद, सातबाऱ्यावरचा तो 'आकार' हे सगळं उभं आहे. ह्या दोघांविषयी माझ्या मनात आदर आहे आणि तो मी लपवणार नाही. त्यांनी शास्त्र बाजूला ठेवलं आणि तालुक्याचा मागचा इतिहास पाहिला: कोणत्या साली किती सारा झेपला, कधी थकला, बाजार किती लांब, पाऊस किती भरवशाचा. त्यावर दर बसवले, आणि कमी बसवले. तीस वर्षं ते वाढणार नाहीत अशी हमी दिली. त्या मुदतीत कुणी विहीर पाडली, ताल घातली, तर वाढलेल्या पिकावर जादा सारा नाही. पडीक रानं पुन्हा नांगराखाली आली.

आणि मातीकडे त्यांनी खरोखर बघितलं. शेताचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात पहार घालून खोली बघायची, आणि ती मोजायची हातानं, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतच्या हातानं. पावणेदोन हात खोल, एकजात काळी माती निघाली तर ती सोळा आणे. दीड हाताला चौदा, सव्वा हाताला बारा, आणि असं उतरत उतरत नवव्या प्रतीला दोन आणे. तांबट माती वेगळ्या रांगेत, बरड आणखी खालच्या. मग दोष. चुनखड, वाळू, उतार, माती न धरणं, पाणी न मुरणं, ओढ्याचं पाणी वरून जाणं, पाणी साचून राहणं. एकेका दोषाला एकेक खूण, आणि एका खुणेला एक प्रत कमी. मोजायला तेहतीस फुटांची साखळी, तिचेही सोळा भाग, तेही आणेच. साखळी बाय साखळी म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. काठी, पांड, बिघा, चाहूर ही मापं त्यानंतर हळूहळू बोलण्यातूनही गेली. बाबांनी बोट ठेवलेल्या त्या चौकोनात कुणीतरी भर उन्हात गुडघे टेकून माती उकरली होती, चुनखडीचे पांढरे खडे हातात घेऊन बघितले होते, आणि खूण केली होती. ती खूण त्या कुटुंबाच्या बाजूची होती. तिच्यामुळे त्यांचा सारा एका प्रतीनं उतरला. हे मला विसरता येत नाही.

मग गेली कशी?

आधीची व्यवस्था काही स्वर्ग नव्हती. डॉक्टर कोट्स यांनी १८२० च्या सुमारास पुण्याजवळच्या लोणी गावाची पाहणी केली, तेव्हा तिथल्या चौऱ्याऐंशी शेतकरी कुटुंबांपैकी पंधरा-सोळा सोडली तर बाकी सगळी कर्जात होती. कर्ज इंग्रजांनी आणलं असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. उपऱ्याला, म्हणजे बाहेरून येऊन कसणाऱ्याला, तर गावात पाय रोवायलाच जागा नसे. एका सालाच्या बोलीवर तो पडीक कसायचा. पण मिरासदाराची, म्हणजे वंशपरंपरेनं जमीन धरणाऱ्याची, जमीन अशी सहजी हलत नसे. ती विकायची तर पाटील, कुलकर्णी, भाऊबंद, बलुतेदार बसायचे, त्यांच्या साक्षीनं कागद व्हायचा. गावाचा सारा गावावर मिळून असायचा, त्यामुळे एक घर बुडालं की बाकीच्यांच्या डोक्यावर भार यायचा. घर टिकावं ही गावाची गरज होती. सावकाराची ताकदही गाव म्हणेल तेवढीच. त्यानं दाराशी धरणं धरावं, पंचांकडे जावं, पण आख्खं कुणब्याचं रान गिळून तो गावात राहू शकत नसे.

नव्या पद्धतीनं शेताला नंबर दिला, नंबराला सारा दिला आणि साऱ्यापुढे एकाच माणसाचं नाव लिहिलं. त्याला वाटलं तर तो नंबर ठेवील, वाटलं तर सोडील, विकील, गहाण टाकील. १८६५ च्या कायद्यानं ते सगळं पक्कं केलं. ज्याच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या नाव नव्हतं, त्या उपऱ्याच्या हाती पहिल्यांदा काहीतरी आपलं म्हणावं असं आलं, आणि त्या आनंदाला मी खोटं म्हणणार नाही. पण त्याच कागदामुळे ती जमीन सावकाराला पहिल्यांदा तारण म्हणून दिसू लागली. किती एकर, किती आणे, काय आकार, तीस वर्षं सारा वाढणार नाही हे सगळं सरकारनंच लिहून दिलेलं. पूर्वी तो पीक बघून उसनं द्यायचा. आता तो नंबर बघून देऊ लागला. जितकी बारकाईनं प्रत लावली, तितका त्याचा अंदाज पक्का झाला.

कर्जाच्या रोख्यांचे जुने कागद मी पाहिलेत. मोडी मजकूर, शेवटी लिहिणाऱ्याचं नाव, साक्षी, आणि जिथे कुणब्यानं सही करायची तिथे एक छोटा नांगर काढलेला. निशाणी नांगराची. बाई असेल तर कांकण. लिहिता न येणाऱ्यांची ही पद्धत जुनी, तिच्यात तेव्हा कुणाला काही वावगं वाटलं नसेल. मला मात्र तो चार रेघांचा नांगर बघवत नाही. वरच्या मजकुरात काय लिहिलंय हे ज्याला कळत नाही, तो माणूस आपल्या पोटाचं साधन काढून देतोय, आणि तेवढ्यावर दिवाणी न्यायालय पुढे त्याच्याविरुद्ध हुकूमनामा करणार आहे.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं अशा रोख्याचं आयुष्य तीन वर्षांवर आणलं. उद्देश चांगला होता, जुने मुडदे उकरून कुणी दावे करू नयेत. गावात घडलं उलटं. तीन वर्षं भरत आली की सावकार नवा रोखा लिहून घ्यायचा, आणि थकलेलं व्याज मुद्दल म्हणून त्यात घालायचा. शेकडा चोवीस धरा. शंभराचे तीन वर्षांत एकशे बहात्तर. त्याचा नवा रोखा, सहा वर्षांनी दोनशे शहाण्णवच्या आसपास. नवव्या वर्षी पाचशेच्या वर. मधे दिलेलं धान्य, कडबा, तूप कुठे मांडलं जायचं ते सावकाराच्या वहीला माहीत. समन्स तालुक्याला निघायचं, कुणबी जायचा नाही, गेला तर बोलायचा नाही, आणि निकाल एकतर्फी लागायचा.

विंगेटला हे दिसलं होतं. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. १८५२ साली, १८७५ च्या सावकारांविरुद्धच्या दंग्यांच्या तेवीस वर्षं आधी, त्यानं सरकारला लिहिलं, की कर्जवसुलीची कायद्यानं केलेली सोय इतकी सैल आहे की त्यानं उधारी वाईट थराला पोचली आहे, आणि ऋणको-धनकोंची ही झटापट दोघांनाही हीन करते आहे. ज्या माणसानं माती इतक्या मायेनं मोजली, त्यालाच तिच्याभोवती काय जमतंय हे आधी कळलं. सरकारनं ऐकलं नाही. आणि पुढे अमेरिकेत यादवी पेटली, कापसाचा भाव चढला, रेल्वेच्या कामावर मजुरी मिळू लागली, पैसा खेळला. सावकारानं हात सैल सोडला. नेमक्या त्या तेजीच्या सुमारास इंदापूरची तीस वर्षं भरली आणि १८६७ पासून फेरआकारणी सुरू झाली. चढे भाव बघून दर वाढवले. भाव मात्र युद्ध संपताच खाली येऊ लागले होते. वाढ इतकी होती, की १८७४ साली सरकारलाच स्वतःला आवर घालावा लागला: तालुक्यांच्या गटावर तेहतीस टक्क्यांच्या वर नाही, एका गावावर सहासष्टच्या वर नाही, एका खातेदारावर दुपटीच्या वर नाही. ज्या मर्यादेत एखाद्याचा सारा दुप्पट होणं बसतं, तिला दिलासा कसं म्हणायचं?

त्याच वर्षाच्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात एका सावकारानं दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यात देशमुखांची मालमत्ता घेतली, आणि गावानं त्याच्यावर बहिष्कार घातला. न्हावी दाढी करीना, कुणी पाणी भरीना, त्याचं रान कुणी कसायला घेईना. ही रीत गावोगाव पसरली. गावकरी संमतीपत्रं लिहून एकमेकांना बांधून घेऊ लागले. मग १२ मे १८७५. सुपे, बाजारचा दिवस. आसपासच्या वाड्यांवरून आलेली माणसं गुजर सावकारांच्या दुकानांवर चालून गेली. कापड लुटलं, धान्य लुटलं, एक घर जाळलं. पण त्यांना हवे होते ते रोखे आणि वह्या. कागद काढून दिले की बहुतेक ठिकाणी जमाव निघून जायचा, माणसाच्या अंगाला सहसा हात लागला नाही. पुणे आणि नगर जिल्ह्यांत मिळून साडेनऊशेच्या वर माणसं धरली, पाचशेच्या आसपास लोकांना शिक्षा झाल्या.

आम्ही सुप्याच्या बाजाराला लहानपणी जायचो. भेळेची गाडी, बैलांच्या गळ्यातल्या घागरमाळा, मिरच्यांचा ठसका. त्या बाजारात काय झालं होतं हे कुणी कधी बोललं नाही, आजीही नाही. मला वाटतं, दोन्हीकडच्यांची घरं पुढे तिथेच राहिली, उधारी पुन्हा सुरू झाली, म्हणून असेल. सावकाराला राक्षस ठरवणं सोपं आहे. तो परका होता, मारवाडातून, गुजरातेतून आलेला, गावाच्या लग्नकार्यात त्याचं कुणी नव्हतं, म्हणून राग त्याच्यावर जास्त निघाला. पण साऱ्याचा हप्ता रोखीत भरायचा असायचा, आणि तो भरायच्या वेळी धान्य अजून विकलेलं नसायचं. सरकारी तिजोरीत दर साली वेळेवर पडणारा पैसा बऱ्याच गावांत सावकाराच्याच पेटीतून यायचा. सरकारला हे माहीत होतं. राग झेलायला सावकार पुढे होता, आणि सारा मागच्या दारानं सुखरूप जमा होत होता.

दंग्यांची चौकशी झाली, जाडजूड अहवाल आला. त्यावर काही व्हायच्या आत १८७६ चा दुष्काळ आला, दोन वर्षं टिकला. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, पुणे, सातारा, सोलापूर, नगर ह्या चार जिल्ह्यांपुरता. न्यायाधीशानं रोख्यावरचा आकडा खरा मानून बसू नये, पहिल्यापासूनचा हिशोब उकरून काढावा. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालू नये. रोखा गावच्या निबंधकासमोर लिहावा. हा कायदा राबवण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी आपली बरीच वर्षं घातली. काही जमिनी त्यानं वाचल्या. पण सावकार हुशार. गहाणखताऐवजी तो थेट खरेदीखत लिहून घेऊ लागला, आणि कुणबी तेही देऊ लागला, कारण पेरणी तोंडावर आलेली.

ह्याच काळात, १८८३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. मला त्यातलं जे सगळ्यात जास्त लागतं ते त्यातलं कुणब्याच्या घराचं वर्णन. घरात काय आहे, अंगावर काय, ताटात काय. प्रतिबुकात जशी माती दिसते, तसं त्या पानांत घर दिसतं. पहार घालून रानाची खोली बघणाऱ्या एकाही कारकुनाला त्या घराच्या कणगीत डोकावून बघण्याचा हुकूम नव्हता. मृगाच्या आधी तिच्यात काय उरलंय, बैल मेला तर दुसरा कशातून येणार, हे कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. बाबांचं रान मला वाटतं तिथून गेलं.

आणि हे कुणाला सुचलंच नाही असंही नाही. विल्यम वेडरबर्न पुण्यात न्यायाधीश होते. १८८२-८३ मध्ये त्यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली. शेतकऱ्यांची जुनी कर्जं तडजोडीनं फेडून टाकायची, आणि पुढे बी-बैलासाठी माफक व्याजानं पैसा द्यायचा. पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी मागे उभी राहिली, हिंदुस्थान सरकारचा पाठिंबा मिळाला. एक तालुका, करून बघायचं होतं एवढंच. योजना मंजुरीला लंडनला गेली आणि तिथे भारतमंत्र्यांच्या कचेरीनं ती फेटाळली. सहकारी पतसंस्थांचा कायदा व्हायला १९०४ साल उजाडलं. मधल्या काळात पुरंदरच्या, भीमथडीच्या, इंदापूरच्या शेतकऱ्यांनी १८९६ चा दुष्काळ काढला, १८९९ चा काढला, आणि दोन्ही वेळा पाऊस पडल्यावर बियाण्यासाठी ते सावकाराच्याच ओट्यावर जाऊन बसले.